अँडी फ्लॉवरबद्दल नेहमी येणारे प्रश्न

फ्लॉवरविषयी काहीही लिहिलं की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही नव्या मुलांचे असतात. त्यांना तो आयपीएलच्या डगआउटमध्ये बसलेला, फारसं न हसणारा कोच म्हणूनच माहीत असतो. काही माझ्या वयाच्या लोकांचे असतात, आणि त्यांना प्रश्नापेक्षा वाद घालण्यात जास्त रस असतो. दोघांसाठी उत्तरं एकत्र ठेवली आहेत. मी त्याचा चाहता आहे, त्यामुळे तराजू थोडा त्याच्या बाजूला झुकेल हे धरून चाला.

१. अँडी फ्लॉवर कोण? दोन ओळींत सांगा.

झिम्बाब्वेचा डावखुरा फलंदाज, यष्टिरक्षक आणि दोन वेळा कर्णधार. ६३ कसोटींत ५१.५४ च्या सरासरीने ४७९४ धावा आणि १२ शतकं, २१३ एकदिवसीय सामन्यांत ६७८६ धावा. २००१ मध्ये तो आयसीसीच्या कसोटी क्रमवारीत जगातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होता. सचिन, लारा, द्रविड, स्टीव्ह वॉ सगळे खेळत असतानाची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

२. तो झिम्बाब्वेचा की दक्षिण आफ्रिकेचा?

जन्म केपटाउनचा, २८ एप्रिल १९६८. वाढला आणि क्रिकेट शिकला मात्र हरारेत. आंतरराष्ट्रीय सामने फक्त झिम्बाब्वेकडून खेळला. झिम्बाब्वेची पहिली कसोटी ऑक्टोबर १९९२ मध्ये हरारेत आपल्याविरुद्ध झाली. तिच्यात तो होता आणि त्याने ५९ धावा केल्या. त्या सामन्यात आपली बरीच दमछाक झाली होती. संजय मांजरेकरने खेळपट्टीवर ठाण मांडून शतक केलं, म्हणून निभावलं.

३. आरसीबीचा कोच तोच का?

तोच. २०२५ मध्ये बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली तेव्हा मुख्य प्रशिक्षक तो होता. बंगळुरूकडे येण्याआधी दोन हंगाम लखनौकडे होता. इंग्लंडबरोबरच्या दिवसांबद्दल प्रश्न १६ पाहा.

४. एवढा मोठा होता, तर आमच्या लक्षात कसा नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. साधारण उत्तर असतं की झिम्बाब्वे छोटा देश, हरणारा संघ, कसोट्या कमी. ते खरंच आहे, पण माझं समाधान त्याने होत नाही. माझ्या मते त्याची जवळजवळ प्रत्येक मोठी खेळी दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत अडकून राहिली.

पदार्पणापासून सुरुवात करा. फेब्रुवारी १९९२, विश्वचषक, न्यू प्लायमाउथ. आयुष्यातल्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात तो सलामीला आला आणि नाबाद ११५ करून परतला. झिम्बाब्वेच्या ३१२ झाल्या. श्रीलंकेने त्या पार केल्या. एकदिवसीय क्रिकेटमध्ये तीनशेच्या वरचं लक्ष्य गाठण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे सामना लक्षात राहिला तो श्रीलंकेच्या नावावर.

१९९३ ची दिल्ली कसोटी. त्याच्या ११५ आणि नाबाद ६२. आपल्याला आठवतं ते विनोद कांबळीचं २२७. १९९६ ला बुलावायोत इंग्लंडविरुद्ध ११२ केल्या, पण दोन्ही संघांची धावसंख्या बरोबरीत असताना अनिर्णित राहिलेली ती पहिलीच कसोटी ठरली, आणि गोष्ट सांगितली जाते ती शेवटच्या चेंडूची. १९९९ च्या विश्वचषकात लेस्टरला झिम्बाब्वेने आपल्याला तीन धावांनी हरवलं. वडील, प्रा. रमेश तेंडुलकर गेल्यामुळे सचिन घरी आला होता. आपल्या घराघरांत तो सामना त्या दुःखासकट आठवतो, आणि त्याच्या जोडीला हेन्री ओलोंगाने एका षटकात काढलेले शेवटचे तीन बळी. झिम्बाब्वेच्या डावात नाबाद ६८ करून २५२ पर्यंत नेणारा फ्लॉवर कुणाला आठवतो?

२००० च्या मार्चमध्ये त्रिनिदादला कर्णधार म्हणून नाबाद ११३ केल्या. मग जिंकायला फक्त ९९ हव्या असताना संघ ६३ वर कोसळला. त्याच वर्षी दिल्लीत नाबाद १८३, आणि समोर द्रविडचं नाबाद २००. नागपुरात नाबाद २३२, आणि समोर सचिनचं नाबाद २०१. २००२ ला कोलंबोत चॅम्पियन्स ट्रॉफीत आपल्याविरुद्ध १४५, ही त्याची एकदिवसीय सामन्यांतली सर्वोच्च खेळी. आपण १४ धावांनी जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी बोललो ते कैफच्या नाबाद १११ बद्दल.

त्यात झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याकडे १९९८ चं शारजा डोळ्यासमोर येतं. ओलोंगाच्या बाउन्सरवर बाद झालेला सचिन आणि मग अंतिम सामन्यात त्याने केलेली परतफेड. त्या संघात डावखुरा एक कीपर होता, एवढंही कुणी सांगत नाही.

५. नागपूरच्या २३२ चं एवढं कौतुक का?

२५ ते २९ नोव्हेंबर २०००. आपण ६ बाद ६०९ वर डाव सोडला. शिवसुंदर दास ११०, द्रविड १६२, सचिन नाबाद २०१. झिम्बाब्वे ३८२ वर संपला आणि त्यांना फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागलं. पहिल्या डावात अँडीच्या ५५ होत्या आणि त्याचा धाकटा भाऊ ग्रँट नाबाद १०६ वर उभा होता. २२७ नी मागे, पुढे दोन दिवस, भारतातली खेळपट्टी. अशा वेळी पाहुणे संघ काय करतात ते आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. पाचव्या दिवशी चहापर्यंत सामना गुंडाळलेला असतो.

तिसरा गडी पडल्यावर तो आला तो परत गेलाच नाही. जवळपास नऊ तास खेळला. अ‍ॅलिस्टर कॅम्पबेलने त्याच्या सोबतीने १०२ केल्या, आणि इतकी वर्षं खेळूनही ते कॅम्पबेलचं पहिलंच कसोटी शतक होतं. झिम्बाब्वे ६ बाद ५०३, सामना अनिर्णित. यष्टिरक्षकाच्या सर्वोच्च कसोटी खेळीचा विक्रम त्याआधी पाकिस्तानच्या तस्लीम आरिफच्या नाबाद २१० चा होता. फ्लॉवरच्या २३२ ला अजून कुणी ओलांडलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. सचिनचं द्विशतक पाहून गर्दी ओसरली होती. उरलेले आम्ही विजय बघायला आलो होतो. सकाळी पोरं मजेत होती. जेवणानंतर माझ्यामागून एकजण दर षटकाला ओरडायचा, "अबे, आता तरी आउट हो ना बे!" फ्लॉवर पुढचा चेंडू बॅटच्या मधोमध घ्यायचा. चहाच्या सुमारास त्या ओरडण्यातला राग गेला होता आणि त्यात एक प्रकारची जवळीक आली होती. द्विशतक झालं तेव्हा तोच मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी फ्लॉवरचा चाहता झालो तो त्या दुपारी. भारत जिंकला नाही याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू?

६. ही कसोटी जामठ्याला झाली ना?

नाही. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर. नागपूरबाहेर जामठ्याच्या नव्या मैदानावर कसोटी सुरू झाल्या त्या २००८ पासून. फ्लॉवरचा जामठ्याशी संबंध आहे, पण तो बॅट हातात नसतानाचा. त्यासाठी प्रश्न १६.

७. फिरकी इतकी चांगली कशी खेळायचा? रिव्हर्स स्वीपचं गुपित काय होतं?

आजकाल शाळकरी पोरंही रिव्हर्स स्वीप मारतात. नव्वदच्या दशकात तो फटका म्हणजे चमत्कृती समजली जायची, आणि त्यावर बाद झाला की समालोचक फलंदाजाला फाडून खायचे. फ्लॉवरने त्याला रोजच्या कामाचा फटका करून टाकलं.

त्याची पद्धत नीट पाहिली की कळतं की त्यात धाडस कमी आणि हिशेब जास्त होता. तो आधी साधा स्वीप मारायचा. कर्णधार स्क्वेअर लेगला माणूस हलवायचा. तो माणूस कुठून आला हे फ्लॉवरने पाहिलेलं असायचं. पुढच्या षटकात गुडघा तसाच टेकवून, बॅटचं तोंड उलटं फिरवून, चेंडू पॉइंटच्या मागच्या मोकळ्या जागेत ढकलायचा. मग तिथे माणूस आला की पुन्हा साधा स्वीप. गोलंदाज आपल्याच क्षेत्ररक्षणाशी भांडत बसायचा. डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू त्याला आत यायचा आणि ऑफस्पिनरचा बाहेर जायचा, पण दोघांवरही हेच चालायचं.

दुसरी गोष्ट पायांची. एक तर पूर्ण पुढे नाही तर पूर्ण मागे, अधेमधे लटकणं नाही. चेंडू पॅडजवळ मऊ हातांनी सोडून द्यायचा. शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट तोंडाशी उभे असूनही त्यांच्या हाताला काही लागायचं नाही. मुंबईच्या मैदानांवर ज्याला खडूस फलंदाज म्हणतात, त्या जातीचा होता तो. दादर युनियन किंवा शिवाजी पार्क जिमखान्याच्या जुन्या मंडळींना तो आपल्यातलाच वाटला असता.

८. पण २००० च्या त्या मालिकेत आपला मुख्य फिरकीपटू अनिल कुंबळे नव्हताच. मग त्या ५४० धावांना काय किंमत?

प्रश्न रास्त आहे. दोन कसोटींत १८३ नाबाद, ७०, ५५ आणि २३२ नाबाद, म्हणजे दोनदाच बाद होऊन ५४०, सरासरी २७०. कुंबळे खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता आणि आपली फिरकी त्या वेळी अननुभवी होती, हे मान्य करायलाच हवं.

आता दुसरी बाजू. १९९३ च्या दिल्लीत कुंबळे होता, ऐन भरात होता, जोडीला मणिंदर सिंग होता. झिम्बाब्वे डावाने हरला आणि तरी फ्लॉवरच्या ११५ आणि नाबाद ६२ झाल्या. २००२ मध्ये कुंबळे आणि हरभजन दोघेही होते. तेव्हा नागपुरात फ्लॉवर दोन्ही डावांत लवकर गेला, मात्र दिल्लीत ९२ केल्या. सगळं मिळून भारतात पाच कसोटी, ८२० धावा, सरासरी ११७.१४. मोठमोठे परदेशी फलंदाज इथे येऊन फिरकीपुढे चाचपडत परत गेलेत. कुंबळेच्या गैरहजेरीचा वाटा काढून टाकला तरी हे आकडे फारसे लहान होत नाहीत.

९. त्याची सरासरी नाबाद राहिल्यामुळे फुगली आहे, असं म्हणतात. खरं आहे?

११२ डावांत १९ वेळा नाबाद. नुसत्या डावांनी भागलं तर साधारण ४३ येतात, म्हणजे नाबाद राहण्याचा फायदा मिळालाच. पण तो नाबाद का राहायचा ते बघा. वरचे बाद झालेले, खालचे टिकत नाहीत, आणि हा एका टोकाला उभा. अशा वेळी नाबाद राहणं म्हणजे सोबती संपणं. प्रश्न १४ मधली खेळी याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आहे.

१०. शतकं दुबळ्या संघांविरुद्ध होती का?

नाही. १२ पैकी बांगलादेशविरुद्ध एकच. भारताविरुद्ध तीन, पाकिस्तान, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध प्रत्येकी दोन, इंग्लंड आणि वेस्ट इंडिजविरुद्ध एकेक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाही, कारण त्याच्या कारकिर्दीत ऑस्ट्रेलियाने झिम्बाब्वेशी एकच कसोटी खेळली, १९९९ ला हरारेत. न्यूझीलंडविरुद्ध बऱ्याच संधी मिळूनही शतक झालं नाही. ती उणीव आहे, आणि ती मोकळेपणाने मान्य केलेली बरी.

एक आकडा मात्र मला नेहमी टोचतो. या १२ शतकांपैकी झिम्बाब्वेने जिंकलेल्या सामन्यांत फक्त दोन आहेत.

११. गिलख्रिस्ट की फ्लॉवर?

यष्टिरक्षक म्हणून खेळलेल्या ५५ कसोटींत फ्लॉवरच्या ५३.७० च्या सरासरीने ४४०४ धावा आहेत आणि बाराही शतकं त्यातलीच. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक गिलख्रिस्टच्या ९६ कसोटींत ४७.६० च्या सरासरीने ५५७०, शतकं १७, आणि स्ट्राइक रेट ८० च्या वर. एका सत्रात सामना फिरवायचा असेल तर मीही गिलख्रिस्टच घेईन. त्याने कीपरकडून काय अपेक्षा ठेवायची हेच बदलून टाकलं, त्यात वाद नाही.

फक्त दोघांची कामं वेगळी होती. गिलख्रिस्ट सातव्या क्रमांकावर यायचा तेव्हा बहुतेकदा हेडन, पॉन्टिंग, वॉ यांनी भिंत बांधून ठेवलेली असायची. फ्लॉवर पाचव्या क्रमांकावर यायचा तेव्हा पाया खणायचाच बाकी असायचा. तेही दीड-दोनशे षटकं यष्टींमागे उठबशा काढल्यानंतर. फॉलोऑनमध्ये तर तेवढ्यातच परत पॅड बांधायचे.

१२. यष्टिरक्षक म्हणून कसा होता?

भरवशाचा. डोळे दिपवणारा नाही. कसोटीत १५१ झेल आणि ९ यष्टिचीत, एकदिवसीय सामन्यांत १४१ आणि ३२. शेवटी ग्लोव्हज टटेंडा टायबूकडे गेले, आणि टायबू नुसता यष्टिरक्षक म्हणून त्याच्यापेक्षा सरस होता असं माझं मत आहे.

१३. भाऊ ग्रँट आणि तो पहिला विजय, ही गोष्ट एकदा नीट सांगा.

ही सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही. हरारे, जानेवारी–फेब्रुवारी १९९५, समोर पाकिस्तान, कर्णधार अँडी. झिम्बाब्वेने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती.

गंमत नाणेफेकीपासून. झिम्बाब्वेच्या नाण्यावर त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. नाणं उडालं आणि पाकिस्तानचा कर्णधार सलीम मलिक "बर्ड" असं ओरडला. अँडीने त्याचं अभिनंदनही करून टाकलं. सामनाधिकारी जॅकी हेंड्रिक्स यांनी मात्र ते ग्राह्य धरलं नाही आणि नाणं पुन्हा उडवायला लावलं. या वेळी कौल अँडीच्या बाजूने लागला.

फलंदाजी घेतली आणि ३ बाद ४२. मग दोन भाऊ एकत्र आले. थोरला डावखुरा, धाकटा उजवा. थोरला सतत धावा चोरणारा, धाकटा खुंटा ठोकून बसणारा. दोघांनी २६९ ची भागीदारी केली. ऑस्ट्रेलियाच्या इयान आणि ग्रेग चॅपल बंधूंचा २६४ चा विक्रम मोडला. अँडी १५६ वर गेला. ग्रँट मग गाय व्हिटॉलला घेऊन खेळत राहिला आणि नाबाद २०१ झाला, व्हिटॉल नाबाद ११३. ४ बाद ५४४ वर डाव सोडला. हीथ स्ट्रीकने पहिल्या डावात ६ बळी घेतले आणि झिम्बाब्वे एक डाव ६४ धावांनी जिंकला. मी प्रश्न ४ मध्ये जे रडगाणं गायलंय त्याला हा एक अपवाद. पण इथेही द्विशतक धाकट्याचं!

१४. १९९ वर नाबाद राहिलेला पहिला खेळाडू तोच का?

हो, कसोटीत १९९ वर नाबाद राहण्याची वेळ त्याच्याआधी कुणावर आली नव्हती. पुढे २०१२ मध्ये संगकारावर आली. सप्टेंबर २००१, हरारे, दक्षिण आफ्रिकेने ३ बाद ६०० वर डाव सोडलेला. फ्लॉवरने पहिल्या डावात १४२ केल्या आणि दुसऱ्यात नाबाद १९९. शेवटचा गडी डग्लस होंडो बाद झाला आणि द्विशतक एका धावेने राहिलं. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा तो पहिला यष्टिरक्षक. एकाच सामन्यात ३४१ धावा करूनही संघ नऊ गड्यांनी हरला. क्रमवारीत पहिला क्रमांक त्याला या सामन्याने मिळवून दिला.

१५. काळ्या फितीचं प्रकरण काय होतं?

१० फेब्रुवारी २००३, विश्वचषक, हरारे स्पोर्ट्‌स क्लब, नामिबियाविरुद्धचा सामना. फ्लॉवर आणि ओलोंगा दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी पत्रकारांना लेखी निवेदन दिलं की आमच्या प्रिय झिम्बाब्वेत लोकशाहीचा मृत्यू झाला आहे आणि आम्ही त्याचा शोक पाळत आहोत. राष्ट्राध्यक्ष होते रॉबर्ट मुगाबे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २००० पासून शेतजमिनी जबरदस्तीने बळकावल्या जात होत्या, विरोधकांना मारहाण होत होती, २००२ ची निवडणूक वादग्रस्त ठरली होती आणि लोक अन्नाला महाग झाले होते. फ्लॉवरला एका शेतकरी मित्राने आपलं उद्ध्वस्त शेत दाखवलं आणि विचारलं, तुम्ही काहीच झालं नाही असं दाखवून विश्वचषक खेळणार का? फ्लॉवरने ओलोंगाला गाठलं. एकट्या गोऱ्या माणसाने आवाज उठवला असता तर गोऱ्यांची जमीन गेल्याचं दुखणं म्हणून तो उडवून लावला गेला असता. ओलोंगा हा झिम्बाब्वेकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. एक गोरा आणि एक काळा, दोघांनी मिळून सांगितल्यावर ते सोपं राहिलं नाही. निवेदनाला विरोधी पक्षाचे खासदार आणि वकील डेव्हिड कोल्टार्ट यांनी मदत केली.

दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेबरोबर संपली. फ्लॉवर ३४ वर्षांचा होता आणि एसेक्सकडून कौंटी खेळत होता, म्हणजे त्याच्याकडे जायला जागा होती. ओलोंगा २६ चा. त्याला संघाबाहेर ठेवलं, क्लबने काढून टाकलं, देशद्रोहाच्या खटल्याच्या धमक्या आल्या आणि त्याला देश सोडावा लागला. चाहता म्हणून मी फ्लॉवरच्या बाजूचा असलो तरी त्या दिवसाची किंमत ओलोंगाने जास्त मोजली असं मला वाटतं, आणि फ्लॉवरचं कौतुक करताना त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर टाकणं मला पटत नाही.

(त्या सामन्यात क्रेग विशार्टने नाबाद १७२ केल्या. बघा, कधीतरी दुसऱ्याची खेळीही फ्लॉवरच्या गोष्टीत हरवली.)

१६. देशासाठी एवढं केलं आणि मग इंग्लंडचा कोच झाला. हे पटतं का?

घरी परत जाता येत नसेल तर माणूस जिथे आहे तिथे काम करतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. झिम्बाब्वेचे चाहते नाराज असतील तर त्यांचा तो हक्क आहे.

काम मात्र त्याने चोख केलं. २००९ मध्ये त्याच्याकडे सूत्रं आली. त्याच वर्षी अ‍ॅशेस, २०१० मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक, मग ऑस्ट्रेलियात जाऊन ३-१ ने अ‍ॅशेस, २०११ मध्ये कसोटीत अव्वल स्थान. आपल्याला झोंबणारी गोष्ट २०१२ ची. वानखेडेवर पीटरसनचं १८६, पानेसर–स्वानने मिळून काढलेले १९ बळी, आणि १९८४-८५ नंतर इंग्लंडचा भारतातला पहिला कसोटी मालिकाविजय. त्यावर शिक्कामोर्तब झालं ते नागपुरात, जामठ्याला, अनिर्णित सामन्याने. नागपुरात पाच दिवस कसे खेळून काढायचे हे त्या ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शेवट गोड झाला नाही. २०१३-१४ ला ऑस्ट्रेलियात ५-० ने धुलाई झाली आणि तो पायउतार झाला. पीटरसनशी त्याचं बिनसलेलं जगजाहीर आहे. त्यात चूक कुणाची यावर मला पत्रं पाठवू नका, दोघेही मला आवडतात.

१७. त्याचा योग्य सन्मान झाला का?

उशिरा. २००२ मध्ये विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने वर्षातल्या पाच खेळाडूंत निवडलं. आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये तो गेला २०२१ ला, झिम्बाब्वेचा पहिलाच.

१८. त्याची एकच खेळी शोधून पाहायची तर कोणती?

मी नागपूर म्हणेन असं तुम्ही गृहीत धराल, पण मी दिल्ली सांगेन. नोव्हेंबर २०००, नाबाद १८३. नागपूरला सोबतीला कॅम्पबेल होता. दिल्लीत नऊ गडी पडल्यावर सोबतीला आला ओलोंगा, ज्याची बॅट म्हणजे निव्वळ नियमापुरती होती. दोघांनी दहाव्या गड्यासाठी ९७ जोडल्या, त्यात ओलोंगाच्या ११. झिम्बाब्वेने ९ बाद ४२२ वर स्वतःच डाव सोडला, म्हणजे आपल्याला त्यातला एकही जण शेवटपर्यंत बाद करता आला नाही. पाहताना फ्लॉवरच्या फटक्यांपेक्षा षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर लक्ष ठेवा. आपले सगळे क्षेत्ररक्षक त्याची एक धाव अडवायला आत आलेले असतात आणि तो ती घेतोच.